बोटीच्या टाकीत पेट्रोल भरताना नोझल सारखं बंद का पडतं?

बहुधा टाकीची व्हेंट नळी चोंदली आहे, त्यामुळे नवी टाकी घेण्याआधी ती तपासा. पेट्रोल आत जाताना तेवढी हवा बाहेर पडावी लागते. तिची वाट बंद असली की पेट्रोल फिलर पाइपात चढतं, नोझलच्या टोकाचं बारीक छिद्र बुडतं आणि नोझल खटकन बंद होतं. मी नाशिकला बोटी दुरुस्त करतो. गंगापूर धरणावरच्या बोटींत हे दुखणं नेहमीचं, कारण बोट महिनोन्महिने उभी राहिली की कुंभारीण माशी व्हेंटच्या तोंडात मातीचं घर करते. बाहेरची जाळी काढा, माती लगेच दिसेल.

जाळी साफ असेल तर नळीचा झोळ बघा. नळी मध्येच लोंबली की तिथे पेट्रोल साचतं आणि बूच बसल्यासारखं होतं. टाकीपासून बाहेरच्या तोंडापर्यंत ती सलग चढती हवी.

- कॉम्प्रेसरची हवा मारायची तर नळी टाकीपासून सोडवूनच. टाकीला तो दाब सोसत नाही.
- त्याआधी बॅटरी सोडवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साचून राहते. (बिडीवाल्या मदतनीसाला लांब पाठवा.)

हे सगळं बोटीत पक्क्या बसवलेल्या टाकीचं. सुट्या टाकीची गोष्ट वेगळी. आणि बोट ट्रेलरवर तिरकी असताना भरत असाल, तर नळी मोकळी असूनही असंच होऊ शकतं. एकदा सपाट जागी भरून बघा.