चीनमध्ये तीन आठवडे फिरायचं तर कोणता ऋतू सगळ्यात चांगला?

तुम्ही बीजिंग, शिआन, गुइलिन, शांघाय आणि जमलं तर ल्हासा अशी यादी दिली आहे. सोबत सत्तरीची आई आहे आणि महिना निवडायची मोकळीक आहे. माझं उत्तर आधीच देते: १० ऑक्टोबरच्या सुमारास बीजिंगला उतरा, नोव्हेंबर लागला की शांघायहून परत निघा आणि ल्हासा या खेपेला सोडा.

अख्ख्या चीनला चालेल असा एक ऋतू नाहीच. २०२३ च्या जानेवारीत अगदी उत्तरेला, मोहे भागात पारा उणे ५३ अंशांवर गेला होता. त्याच वर्षी जुलैत वायव्येकडच्या तुर्पानच्या खोलगट भागात ५२.२ अंश नोंदले गेले. म्हणून मी महिन्याआधी दिशा ठरवते. शरद ऋतू तिथे उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकतो. शिनजियांगमध्ये कानास तलावाभोवतीची झाडं सप्टेंबरच्या अखेरीस पिवळी होतात, बीजिंगजवळच्या डोंगरांवर ऑक्टोबर संपताना लाली येते आणि नानजिंग-हांगझोऊचे गिंको वृक्ष सोनेरी व्हायला नोव्हेंबर सरत येतो. शरदात उत्तरेकडून खाली येत गेलात तर चांगली हवा बराच काळ तुमच्यासोबत राहते. वसंतात याच्या उलट, दक्षिणेकडून वर जायचं.

पण तुमच्या यादीला वसंत तितकासा मानवत नाही. मार्च-एप्रिलमध्ये बीजिंगला गोबी वाळवंटाकडून धुळीचे वारे येतात. गुइलिनला एप्रिल ते जून हाच जोराच्या पावसाचा काळ. धुक्यात अर्धे बुडालेले तिथले डोंगर पाहायचे असतील तर मात्र एप्रिलच हवा, आणि तेवढ्यासाठी भिजायची माझी तयारी असते. जूनच्या मध्यापासून यांगत्सेच्या खोऱ्यात चिकट, न थांबणारा पाऊस लागतो. तो ओसरला की उकाडा. वुहान, नानजिंग आणि चोंगचिंगला चिनी लोक 'तीन भट्ट्या' म्हणतात, ते उगाच नाही. वयस्क माणसाला घेऊन जुलै-ऑगस्टमध्ये जाऊच नका.

हिवाळ्याबद्दल सहसा कुणी सांगत नाही ती गोष्ट सांगते. चिनलिंग पर्वत आणि हुआई नदी यांच्या रेषेच्या उत्तरेला शहरांमध्ये घरं आणि इमारती गरम ठेवण्याची सार्वजनिक व्यवस्था असते. बीजिंगमध्ये ती साधारण १५ नोव्हेंबर ते १५ मार्च चालू असते. रेषेच्या दक्षिणेला ती परंपरेने नाही. त्यामुळे बीजिंगला बाहेर उणे पाच असलं तरी आत स्वेटर काढून बसता येतं, आणि शांघाय-हांगझोऊला चार-पाच अंशांतला ओला गारठा थेट घरात शिरतो. छोट्या खानावळींची दारं सताड उघडी, माणसं जाड कोट घालूनच नूडल्स खातायत, आणि आपण गरम वाटीभोवतीचे हात काढायला तयार नाही. मोठ्या हॉटेलांत एसीची ऊब मिळते, पण आईला दिवसभर हॉटेलात थोडंच ठेवणार? नकाशावर दक्षिण दिसली म्हणजे हिवाळा सोपा, असं धरून चालू नका.

आता १० ऑक्टोबरच का, १ का नाही? १ ऑक्टोबर हा तिथला राष्ट्रीय दिन. त्याला जोडून साधारण ७ तारखेपर्यंत देशभर सुट्टी असते. काही वर्षी मध्य-शरद उत्सव लागून आला की ती आठ दिवसांची होते. हवा अगदी हवी तशी, पण त्या आठवड्यात अख्खा देश घराबाहेर पडलेला असतो. बीजिंगजवळ बादालिंगला चीनच्या भिंतीवर पाऊल ठेवायला जागा नसते आणि हॉटेलांचे दर चढलेले असतात. १ मेच्या सुट्टीचं आणि चिनी नववर्षाचंही तसंच. पुढच्या वर्षाच्या सुट्ट्यांच्या तारखा सरकार साधारण नोव्हेंबरात जाहीर करतं, त्या पाहूनच विमानाचं तिकीट काढा.

शिआनला शरदात पाऊस रेंगाळतो, सप्टेंबरात तर जास्तच. ऑक्टोबरच्या मध्यानंतर तो कमी होत जातो, आणि तिथलं प्रसिद्ध मातीचं सैन्य (प्राचीन सम्राटाच्या थडग्याजवळ पुरलेले मातीचे सैनिक) छताखाली असल्याने ते पाहणं तरी पावसामुळे अडत नाही. तिथून गुइलिन. हे दिवस तिथे बऱ्यापैकी कोरडे आणि उबदार असतात, ली नदीतून यांगशुओपर्यंत बोटीने जायला उत्तम.

ल्हासा मी हवेमुळे गाळत नाहीये. ऑक्टोबरात तिथे आकाश निरभ्र असतं. पण शहर सुमारे ३,६५० मीटरवर आहे. शरीर रुळायला सुरुवातीचे दिवस निवांत ठेवावे लागतात, आईसाठी तर नक्कीच, आणि तुमच्या तीन आठवड्यांत तेवढी सवड उरत नाही. शिवाय परदेशी प्रवाशाला वेगळा परवाना काढून गाइडसोबतच फिरावं लागतं. ती स्वतंत्र सहल करा, फक्त मार्च टाळा, कारण त्या सुमारास परदेशी लोकांना तिबेट सहसा बंद असतं.

रेल्वेची तिकिटं साधारण १५ दिवस आधी खुली होतात आणि फॉरबिडन सिटीची, म्हणजे बीजिंगमधल्या जुन्या राजवाड्याची, ७ दिवस आधी. दोन्हीकडे प्रत्येकाचा पासपोर्ट नंबर लागतो. फॉरबिडन सिटी सोमवारी बंद असते, तेव्हा बीजिंगचा तो दिवस मुतियान्यूला चीनची भिंत पाहण्यासाठी ठेवा. वर जायला तिथे केबल कार आहे, आईचे गुडघे वाचतील.