बुद्धिबळाची कोडी सुटतात, पण खऱ्या डावात फोर्क-पिन दिसत नाहीत. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मोबाइलवरची कोडी पटापट सुटतात, पण समोर माणूस बसला की काहीच दिसत नाही. फोर्क म्हणजे एकाच मोहऱ्याने एकदम दोघांवर मारा; पिन म्हणजे मागे मोठं मोहरं असल्याने पुढचं मोहरं रेषेत अडकणं. कोडं उघडलं की इथे काहीतरी दडलंय हे आधीच ठाऊक असतं. डावात ते कोणी सांगत नाही. म्हणून समोरच्याने चाल केली की आधी एकच पाहा: या चालीने त्याने मागे काय उघडं टाकलं?

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात संध्याकाळी छपरीत पोरांना बुद्धिबळ शिकवतो. परवाचा डाव सांगतो (घरांची नावं: उभ्या ओळी ए ते एच, आडव्या १ ते ८). पांढऱ्याचा घोडा बी५ वर. काळ्याचा राजा ई८ आणि हत्ती ए८, दोघेही जागचे हललेले नाहीत. काळी मोहरी खेळणाऱ्या पोराने ई४ चं प्यादं खायच्या ओढीने डी८ वरचा वजीर थेट एच४ ला नेला.

"वजीर तं गेला, पण सी७ आता कोण राखून राह्यलं?" मी विचारलं.

तो पटावर वाकला आणि काही वेळाने म्हणाला, "कोणीच नाही ना जी काका."

घोडा सी७ ला येतो, राजाला शह बसतो आणि हत्ती जातो. घोड्याचे फोर्क हेरायची एक खूण पक्की लक्षात ठेवा. काळ्या घरात उभा असलेला घोडा फक्त पांढऱ्या घरांवर मारा करतो, पांढऱ्या घरातला फक्त काळ्या घरांवर. ई८ आणि ए८ दोन्ही पांढरी घरं. शत्रूची दोन मोठी मोहरी एकाच रंगाच्या घरात दिसली की घोडा कुठून दोघांना गाठेल ते शोधा. आणि हत्ती खाल्ल्यावर तो घोडा कोपऱ्यातून बाहेर कसा पडणार, हेही आधीच पाहा. तिथे अडकून मेलेले घोडे मी पुष्कळ पाहिलेत.

पिनमध्ये मात्र पोरं फार फसतात. मागे राजा असेल तर पिन झालेलं मोहरं त्या रेषेतून हलूच शकत नाही. मागे वजीर असेल तर हलू शकतं! लेगालची मात हा जुना सापळा यावरच उभा आहे: काळ्याच्या जी४ वरच्या उंटाने एफ३ चा पांढरा घोडा वजिरापुढे पिन केलेला असतो, तरी तो घोडा ई५ चं प्यादं खातो, काळा उंट हुरळून डी१ वरचा वजीर घेतो, मग पांढऱ्या उंटाने एफ७ वर शह, काळा राजा ई७, पांढऱ्याचा दुसरा घोडा डी५, मात. वजीर गेला, डाव जिंकला.

शेवटच्या पट्टीवरची मात, म्हणजे राजाच्या मागच्या आडव्या ओळीत हत्ती किंवा वजीर घुसून दिलेली मात, ओळखणं सोपं. किल्लेबंदी केलेल्या राजापुढे तिन्ही प्यादी जागची आहेत आणि पट्टी राखायला हत्ती किंवा वजीर नाही, एवढं दिसलं की ही मात शोधा.

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आमच्या छपरीत मुलीही येऊ लागल्या. त्यांना मी लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर आठवडाभर एकाच प्रकारची कोडी सोडवायला लावतो, फक्त फोर्क किंवा फक्त पिन. ते फुकट आहे. पण त्याहून जास्त उपयोग वहीचा होतो. हरलेल्या डावात जिथे मोहरं गेलं ती स्थिती पटाचे चौकोन आखून उतरवायची, आणि खाली लिहायचं की त्याआधीच्या चालीने कोणतं घर सुटलं. तुमच्याही अशा दोन-तीन स्थिती इथे टाका, मी पाहून सांगतो.