नामदार गोखले कोणत्या खात्याचे मंत्री होते?

प्रश्न असा आला आहे: "पुण्यात फर्ग्युसन रस्त्याच्या पाटीवर गोखल्यांच्या नावाआधी 'नामदार' वाचून मुलीनं विचारलं, हे कोणत्या खात्याचे मंत्री होते? मला उत्तर देता आलं नाही. पणजोबांच्या कागदांतही 'ना. गोखले' असा उल्लेख आहे. तो आम्ही घरात कित्येक वर्षं 'नारायण गोखले' असाच वाचत होतो. त्याच गठ्ठ्यात १९२५ च्या सुमाराच्या एका पत्रात 'न. चिं. केळकर, एम. एल. ए.' आहे. मग गोखले खासदार आणि केळकर आमदार, असं समजायचं का?"

आधी नारायणरावांना निरोप देऊ. ज्या भाषेत ना. सी. फडके आणि ना. ह. आपटे होऊन गेले, तिथं 'ना.' दिसला की नारायण आठवायचाच. त्यात घरच्यांची काही चूक नाही. पण तुमच्या कागदातला 'ना.' म्हणजे नामदार, आणि ते गोखले म्हणजे गोपाळ कृष्णच. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे: कोणत्याच खात्याचे नाहीत. गोखले कधीही मंत्री नव्हते. त्यांच्या हयातीत कायदे कौन्सिलाला जबाबदार असलेले मंत्री हा प्रकारच इथं नव्हता. तो आला १९१९ च्या कायद्यानं, आणि गोखले गेले १९ फेब्रुवारी १९१५ ला.

मग नामदार कशाचे? शब्द फारसी. 'नाम' म्हणजे नावच. फारसीतलं नाम आणि संस्कृतातलं नाम ही सख्खी भावंडं, त्यामुळे हा अर्धा शब्द आपल्याला परका वाटतच नाही. 'दार' म्हणजे धारण करणारा, बाळगणारा. आपल्याकडे या 'दार'चं पीक उदंड: फौजदार, किल्लेदार, मामलेदार, जहागीरदार, चोपदार. पण ही सगळी कामाची किंवा वतनाची नावं आहेत. नामदाराकडे किल्ला नाही, जहागीर नाही, काठीसुद्धा नाही, नुसतं नाव. फारसीत हे साधं विशेषण आहे, अर्थ नामांकित, नावाजलेला. इंग्रजी अमलात कौन्सिलाच्या मेंबराला 'ऑनरेबल' म्हणायची पद्धत आली आणि मराठीनं त्याच्या जागी हा तयार शब्द बसवला. 'ऑनर' म्हणजे मान, तेव्हा शब्दाला शब्द ठेवायचा तर 'मानकरी' जवळचा होता. पण मानकरी आधीच दुसरीकडे गुंतलेला. दरबारातला सरदार मानकरी, गावच्या जत्रेत पालखीला पहिला खांदा देणारा मानकरी. त्याला कौन्सिलात कुठं नेणार? नामदार मोकळा होता, आणि भारदस्तही.

हा मान कशासाठी मिळायचा ते कळायला कौन्सिल म्हणजे काय हे पाहायला हवं. १८६१ च्या कायद्यानं व्हाइसरॉयच्या आणि प्रांतांच्या गव्हर्नरांच्या कौन्सिलांत कायदे करण्यापुरते जादा सभासद घ्यायची सोय झाली. मुंबईच्या कौन्सिलात नाना शंकरशेट गेले ते यातूनच. या जादा सभासदांना 'ऑनरेबल' लावत. ते पद होतं तोवरचं उपपद होतं, आजन्म पदवी नव्हे. रावबहादूर किंवा सर एकदा चिकटला की मरेपर्यंत सुटत नसे. नामदारकीला मुदत होती.

गोखले १८९९ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात गेले. फिरोजशहा मेहतांनी १९०१ मध्ये वरिष्ठ, म्हणजे व्हाइसरॉयच्या, कौन्सिलातली जागा सोडली आणि तिथं गोखल्यांची निवड झाली. 'निवड' म्हटलं की आपल्यासमोर मतपेटी येते. तसं काही नव्हतं. १८९२ च्या कायद्याप्रमाणे व्हाइसरॉयच्या कौन्सिलात जादा सभासद १० ते १६. त्यातल्या मुंबईच्या एका जागेसाठी मुंबई कौन्सिलातले बिनसरकारी सभासद नाव सुचवत आणि सरकार ते नाव नेमत असे. कायद्यात 'निवडणूक' हा शब्दसुद्धा येऊ दिला नव्हता. म्हणजे गोखल्यांचा मतदारसंघ एका दिवाणखान्यात मावेल एवढा. रत्नागिरीतल्या कोतळुकला, त्यांच्या जन्मगावी, त्यांना मत देऊ शकेल असा साधा रयत एकही नव्हता. म्हणून त्यांना खासदार म्हणणं मला पटत नाही. आकारानं जवळचं वाटतं, पण खासदार म्हटलं की मागे मतदार उभा राहतो, आणि इथं तो नाही. त्यातून १९०२ मध्ये 'एम. पी.' म्हटलं असतं तर ऐकणाऱ्याला लंडनचं पार्लमेंट आठवलं असतं. १८९२ ते १८९५ दादाभाई नौरोजी तिथले एम. पी. होते.

अशा कौन्सिलात २६ मार्च १९०२ ला गोखल्यांचं अंदाजपत्रकावरचं पहिलं भाषण झालं. तेव्हा बैठक कलकत्त्यात भरे आणि अध्यक्षस्थानी व्हाइसरॉय बसे, त्या वेळी कर्झन. अंदाजपत्रकावर बोलता येई, मत देता येत नसे. दुष्काळानं लोक पिचलेले असताना तिजोरीत शिल्लक पडते ती सुबत्तेची खूण नव्हे, कर जास्त असल्याची आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. मिठावरचा कर कमी करा ही मागणी. पुढच्याच वर्षी तो कमी झाला. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी जादा सभासद ६० पर्यंत वाढवले. त्यांतले २७ निवडलेले, पण बहुमत सरकारी माणसांचंच. मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं गोखल्यांचं विधेयक १९१२ च्या मार्चमध्ये पडलं, ३८ विरुद्ध १३. ते पडणार हे त्यांना आधीच ठाऊक होतं.

मुदतीचं उपपद असूनही गोखल्यांना ते असं चिकटलं की आज पुण्यात रस्त्याच्या नावाचा भाग होऊन बसलंय. कारण साधं आहे. ते मरेपर्यंत वरिष्ठ कौन्सिलात होते, त्यामुळे 'माजी' व्हायची पाळीच आली नाही. १९१४ मध्ये सरकारनं देऊ केलेला 'सर' त्यांनी नाकारला. तो घेतला असता तर पाटीवर 'सर गोखले' आलं असतं आणि आज हा प्रश्न कुणी विचारला नसता. उलट बाजूचं उदाहरण टिळकांचं. १८९५ मध्ये ते मुंबई कौन्सिलावर निवडून आले, १८९७ मध्ये पुन्हा आले, आणि त्याच वर्षी राजद्रोहाच्या खटल्यात अटक झाली तेव्हा ते कौन्सिलाचे सभासद होते. नियमानं तेही नामदार! पण 'नामदार टिळक' कानाला किती खोटं वाटतं पाहा. पुढं लोकांनी दिलेलं 'लोकमान्य' आलं आणि सरकारी उपपद कुठल्या कुठं विरून गेलं.

जाता जाता 'सभासद' या शब्दाबद्दल. त्या काळच्या मराठीत कौन्सिलाचा सभासदच असतो. 'सदस्य' नंतर बोकाळला. आता सभासद म्हटलं की सोसायटीचा किंवा सहकारी बँकेचा भागधारक डोळ्यांपुढे येतो, पण शब्द मोठ्या घरचा आहे. शिवाजी महाराजांचं चरित्र लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंतांना आपण सभासद म्हणूनच ओळखतो. बोलण्यात मात्र सगळे 'मेंबर'. ग्रामपंचायतीत अजूनही मेंबरच निवडून येतो, सदस्य फक्त कागदावर.

आता नामदार मंत्र्यांकडे कसा गेला, कारण तुमच्या मुलीचा गोंधळ तिथून येतो. आजच्या निमंत्रणपत्रिकेत मंत्र्याला 'मा. ना.', खासदाराला 'मा. खा.', आमदाराला 'मा. आ.' हा क्रम छापखानेवाला झोपेतही लावेल. तेव्हा 'नामदार म्हणजे मंत्री' हे समीकरण आजच्या हिशेबानं बरोबरच आहे. बदल झाला १९१९ च्या सुधारणांच्या वेळी, आणि तो भाषेनं केला नाही, सरकारनं केला. कौन्सिलं मोठी होणार, सभासद शेकड्यांनी येणार, सगळ्यांनाच ऑनरेबल म्हटलं तर त्याची किंमत काय राहील, असा विचार. म्हणून प्रांतिक कौन्सिलाच्या सभासदाला नावाआधीच्या ऑनरेबलऐवजी नावामागं एम. एल. सी. (मेंबर, लेजिस्लेटिव्ह कौन्सिल) ही अक्षरं मिळाली. नावापुढचा मान काढून नावामागं शेपूट! ऑनरेबल उरला तो कार्यकारी कौन्सिलर, नवे मंत्री अशा मोजक्यांना. मराठीत नामदारही त्याच्या मागोमाग चालत गेला.

रँग्लर परांजप्यांनी हे दोन्ही काळ पाहिले. १९१३ मध्ये मुंबई कौन्सिलात गेले तेव्हा सभासद म्हणून नामदार. १९२१ मध्ये शिक्षणमंत्री झाले ते मंत्री म्हणून नामदार. उपपद तेच, कारण वेगळं. लोकांनी मात्र दोन्ही बाजूला ठेवून त्यांना रँग्लरच म्हटलं, म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आलेला. केंब्रिजच्या गणिताला मुदत नसते ना.

दिल्लीत त्याच वेळी आणखी एक गंमत झाली. एका कौन्सिलाच्या जागी दोन सभागृहं आली: वर कौन्सिल ऑफ स्टेट, ६० सभासदांचं, खाली लेजिस्लेटिव्ह असेंब्ली, १४५ सभासदांची. आता मतदार आले, पण मोजके, मालमत्ता आणि कराच्या चाळणीतून गाळलेले. वरच्या सभागृहाचे मतदार तर साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात १७,००० च्या आसपास. वरच्या सभासदांचं ऑनरेबल शाबूत राहिलं, खालच्यांना एम. एल. ए. ही अक्षरं मिळाली. १९२४ मध्ये दिल्लीत टिळकांचे दोन जुने सोबती एकाच वेळी होते: अमरावतीचे दादासाहेब खापर्डे कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये, म्हणून नामदार, आणि केसरीचे केळकर असेंब्लीत, म्हणून नुसते एम. एल. ए. मंत्री दोघांपैकी एकही नाही. तेव्हा विसाच्या दशकातल्या कागदात 'ना.' दिसला तर सरळ मंत्री ठरवू नका. आधी कुठला नामदार ते पाहा, मुंबईचा की दिल्लीचा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. १९२५ चे केळकर एम. एल. ए. म्हणजे आजच्या अर्थानं आमदार नव्हेत. त्यांची असेंब्ली मध्यवर्ती. मराठी प्रांतांतले नेते कौन्सिलप्रवेशावरून भांडले, कौन्सिलात जावं म्हणणारे फेरवादी आणि जाऊ नये म्हणणारे नाफेरवादी झाले, त्या भांडणानंतर १९२३ च्या निवडणुकीत ते तिथं गेले. प्रांतांत लेजिस्लेटिव्ह असेंब्ली आली ती १९३५ च्या कायद्यानं, म्हणजे १९३७ च्या निवडणुकीपासून. तिथून एम. एल. ए. प्रांतात उतरला आणि पुढं आपला आमदार झाला. जुन्या कागदांवरून लिहिणारे या खड्ड्यात हमखास पडतात. १९३० च्या आधीचा एम. एल. ए. दिसला की 'मुंबईचे आमदार' असं ठोकून देतात, आणि बिचारा सभासद दिल्ली-सिमला करत असतो.

एम. एल. सी.चा खड्डा याहून खोल. आज तो विधान परिषदेचा, म्हणजे वरच्या सभागृहाचा. पण १९२१ ते १९३७ मुंबई प्रांतात एकच सभागृह होतं आणि त्याचंच नाव कौन्सिल. डॉ. आंबेडकर १९२७ पासून मुंबई कौन्सिलात होते आणि १९३७ मध्ये असेंब्लीवर निवडून आले. हे 'आधी विधान परिषदेवर, मग विधानसभेवर' असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं ते वरच्या सभागृहातून खाली आले. तसं नाही, १९३७ पर्यंत वरचं सभागृह तिथं नव्हतंच.

आमदार आणि खासदार या जोडीबद्दल माझं मत सांगतो, पुरावा म्हणून घेऊ नका. या दोन शब्दांतला 'दार' व्याकरणानं नीट बसत नाही. जहागीर बाळगतो तो जहागीरदार. पण 'आम' बाळगतो म्हणजे काय करतो? आम म्हणजे सर्वसाधारण, खास म्हणजे निवडक, दिवाण-इ-आम आणि दिवाण-इ-खास मधले. मला वाटतं, कानात नामदार आधीच घोळत होता आणि त्याच ठेक्यावर हे दोन पाडले गेले. नामदार, आमदार, खासदार, एका चालीत म्हणून पाहा. हिंदीत विधायक आणि सांसद आहेत. ही जोडी महाराष्ट्राची आणि गोव्याची. भाषाशुद्धीच्या चळवळीनं मेयरचा महापौर केला आणि तो रुजला, पण या तिन्ही फारशी 'दारां'ना कुणी हलवू शकलं नाही.

कोर्टाच्या कागदांतही नामदार भेटेल: 'ना. हायकोर्ट'. खालच्या कोर्टाला 'मे.', म्हणजे मेहेरबान. गुजरातीत तर 'नामदार कोर्ट' आजही सर्रास चालतं.

तुमच्या पणजोबांचे कागद उतरवून काढताना 'ना. गोखले' जसंच्या तसं ठेवा आणि टिपेत 'नामदार; येथे व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलाचे सभासद' एवढं लिहा. केळकरांच्या नावाखाली 'मध्यवर्ती असेंब्लीचे सभासद' पुरे. आमदार-खासदार दोन्ही टाळा. आणि कागदांत आणखी कुठं 'ना.' असेल तर तारीख आधी पाहा. १९२१ च्या अलीकडचा आहे की पलीकडचा, यावर बरंच ठरतं. एखादा खरोखरच नारायण निघाला तरी कळवा.