एकच अल्पाका पाळला तर चालेल का? आणि परिसरातल्या पाळणाऱ्यांच्या संघटनेत जाऊन खरंच काही फायदा होतो का?

एकटा अजिबात नको. अल्पाका हा दक्षिण अमेरिकेतला, लोकरीसाठी पाळला जाणारा आणि कळपात राहणारा प्राणी आहे. एकटा पडला की खाणं सोडतो, खंगतो. निदान तीन तरी ठेवा. बाटलीने दूध पाजून माणसाळवलेलं एकटं नर पिल्लू तर मोठेपणी माणसालाच प्रतिस्पर्धी समजून अंगावर येऊ शकतं, म्हणून लाड जपून करा.

रोजची देखभाल फार नाही. गवत, स्वच्छ पाणी, आडोसा, वेळच्या वेळी नखं कापणं आणि जंतांवर लक्ष. सगळे मिळून ठरावीक जागीच लेंड्या टाकतात, त्यामुळे साफसफाई सोपी जाते (हे मला त्यांचं सर्वात आवडतं).

संघटनेचा प्रश्न मात्र महत्त्वाचा. लोकर वर्षातून एकदाच कातरतात आणि चार-पाच जनावरांसाठी कुशल कातरणारा लांबून येत नाही. आसपासच्या कळपांनी एकच तारीख ठरवली तर येतो. लोकरीचंही तसंच: सूतगिरणीला किमान वजन लागतं, ते तुमच्या एकट्याच्या कळपातून भरणार नाही. शिवाय मादी साधारण साडेअकरा महिने गाभण राहते आणि बहुधा एकच पिल्लू देते, म्हणजे कळप हळूहळू वाढतो. अशा वेळी बाहेरचा चांगला नर मिळाला नाही तर जवळच्या नात्यातच प्रजनन होत राहतं. नर आणलात तर आधी काही आठवडे वेगळा ठेवा, विष्ठा तपासून घ्या. आणि अल्पाकांची माहिती असलेला पशुवैद्य कोण, हे संघटनेतले जुने लोकच सांगतील.