बेंझोइक आम्लाचा आकडा 4.2 ऐवजी 5.7 का आला?

प्रश्न : सर, मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पीएच मीटरवर बेंझोइक आम्लाचा पीकेए (आम्ल किती दुबळं ते सांगणारा आकडा, जितका मोठा तितकं आम्ल दुबळं) काढायचं प्रॅक्टिकल होतं. आम्ल पाण्यात विरघळेना, म्हणून निम्मं अल्कोहोल घेतलं. उत्तर 5.7 आलं, पुस्तकात 4.20 आहे. तीनदा केलं, तरी तेच. जर्नलवर 'चूक' असा शेरा आला. त्या दिवशी लाइट गेली होती, प्रयोगशाळेत 42 अंश तापमान होतं. उन्हामुळं झालं का?
— एक विद्यार्थिनी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : बेटा, तीनदा तोच आकडा आला ना? मग तो खोडू नकोस. तो निम्म्या पाण्यातला, निम्म्या अल्कोहोलातला आकडा आहे. पुस्तकातला निव्वळ पाण्यातला, 25 अंशांवरचा.

उन्हाचा दोष नाही. बेंझोइक आम्लाचा पीकेए तापमानानं फारसा सरकत नाही. सरकतो तो इलेक्ट्रोडचा उतार : 25 अंशांना एका पीएचमागे 59.2 मिलिव्होल्ट, 42 अंशांना साधारण 62.5. मीटरवरचं तापमानाचं बटण 42 वर आणायचं, एवढंच.

खरी गोष्ट विद्रावकाची. आम्ल फुटलं की एक धन आणि एक ऋण आयन तयार होतो. पाण्याचा परावैद्युतांक (विरुद्ध भारांमधली ओढ विद्रावक किती कमी करतो, त्याचं माप) 78 च्या आसपास, इथेनॉलचा, म्हणजे आपल्या अल्कोहोलाचा, 24 च्या. पाणी त्या दोघांना वेगळं ठेवतं आणि ऋण बेंझोएटला हायड्रोजन बंधांनी धरून सांभाळतं. अल्कोहोल वाढलं की हा आधार कमी होतो, आम्ल फुटायला कचरतं. तुझ्या 1.5 च्या फरकाचा अर्थ, ते सुमारे तीसपट दुबळं झालं. डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये तर हाच आकडा 11 पर्यंत जातो! अ‍ॅनिलीन हायड्रोक्लोराइडचं मात्र तसं नाही. तिथं फुटण्याआधीही एक धनभार आणि नंतरही एकच, म्हणून अल्कोहोलात त्याचा पीकेए फारसा हलत नाही, उलट थोडा खालीच येतो. जमलं तर करून बघ, विद्रावकाचा खेळ याहून स्पष्ट कुठं दिसत नाही.

तुझं मीटर पाण्यातल्या बफरवर, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणावर, लावलेलं होतं, म्हणून 5.7 ला 'आभासी पीकेए' म्हण. आणि काम झालं की इलेक्ट्रोड लगेच धुऊन पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेव. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी तो रात्रभर अल्कोहोलात ठेवला होता. काचेवरचा पाण्याचा थर गेला, सकाळी काटा एका जागी ठरेना. कॉलेजात इलेक्ट्रोड तेवढा एकच होता, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आता पाण्यातला आकडा काढ. हे आम्ल लिटरला तीन ग्रॅमच्या वर विरघळतं, तू जास्त घेतलं असशील. फक्त 0.122 ग्रॅम घे, 100 मिलिलिटर पाण्यात कोमट करून विरघळव, मग थंड होऊ दे. पाणी डिस्टिल्डच हवं, बोअरचं नको. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातला बायकार्बोनेट आम्ल खाऊन टाकतो. गॅरेजवरचं बॅटरीचं पाणी आणलंस तरी उकळून, झाकून थंड कर, म्हणजे विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जाईल. 0.1 मोलरचं ताजं सोडियम हायड्रॉक्साइड ब्युरेटमधून सोड. एंडपॉइंट, म्हणजे सगळं आम्ल संपल्याची खूण, 10 मिलिलिटरला येईल, निम्मं आम्ल 5 ला संपतं, म्हणून 5 मिलिलिटरवरचा पीएच हाच जवळजवळ पीकेए.

वेळ उरला तर 50, 40, 30, 20 टक्के अल्कोहोलात मोजून आलेख काढ आणि रेघ शून्य टक्क्याकडं ने. दोन्ही पानं जर्नलला लाव, प्रत्येकावर विद्रावक ठळक लिहून, आणि सरांकडं परत घेऊन जा. आकडे मलाही पाठव, मी इथं आलेख काढून बघतो.