‘एवढ्याशा कारणासाठी घर बदलायचं का?’

भाड्याच्या घरात राहणारी माणसं हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर घेऊन येतात. घर बदलावं की आहे तिथेच राहावं, विचार करकरून डोकं शिणलंय, पण काही ठरत नाही. त्यातल्या एका बाईंबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या आल्या तेव्हा हातात वही होती. डाव्या पानावर राहण्याची कारणं, उजव्या पानावर जाण्याची. दोन्ही पानं गच्च भरलेली. घरमालक चांगले, मुलीच्या मैत्रिणी इथेच, ओट्यावर भरपूर उजेड. पाहून ठेवलेल्या घरात खोल्या लहान, कपाटं कमी, पण शांतता. शिवाय नवऱ्याचा ऑफिसचा प्रवास रोज तासाभराने वाढणार. काही ओळी खोडून पुन्हा लिहिलेल्या होत्या. ‘मॅडम, साधा एक निर्णय मला घेता येत नाही. माझ्यातच काही बिघडलंय का?’

‘शांतता’ या एकाच शब्दाखाली दोन रेघा होत्या. म्हणून मी विचारलं, ‘रात्री झोप कशी लागते?’

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग सगळं बाहेर आलं. वरच्या मजल्यावर रात्री उशिरा खुर्च्या ओढल्या जातात, काहीतरी धपकन पडतं. ठरावीक वेळ नाही. ‘आवाजापेक्षा मधली वेळ वाईट. आता वाजेल, मग वाजेल, असं करत मी छताकडे बघत पडून राहते.’ वर जाऊन बोलून झालं होतं. चार दिवस बरे गेले, पुन्हा तेच. नवरा शेजारी गाढ झोपलेला असतो आणि सकाळी म्हणतो, ‘तू फार मनाला लावून घेतेस.’ घरच्यांनीही हेच ऐकवलेलं. म्हणून एवढ्याशा कारणासाठी सगळ्यांना हलवायचं का, हा अपराधीपणा.

मला हे कारण एवढंसं वाटत नाही, आणि मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं. लहान खोल्या, कमी कपाटं, न आवडणारी फरशी यांची बहुतेकांना काही महिन्यांत सवय होते. पण केव्हा येईल ते माहीत नाही आणि थांबवणं आपल्या हातात नाही, अशा आवाजाची सवय होणं फार अवघड. शरीर सावधच राहतं. त्या बाई हळव्या नव्हत्या, त्यांची झोप अपुरी होती.

पण प्रवासही असाच रोज अंगावर येतो. ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर या अर्थतज्ज्ञांचा २००८ सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे. जर्मनीतल्या माहितीवरून त्यांना दिसलं, की कामाच्या ठिकाणी जायला जास्त वेळ लागणारी माणसं आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात. चांगलं घर किंवा जास्त पगार यांनी ती कसर पुरती भरून निघत नाही. म्हणजे वहीतल्या इतक्या ओळींपैकी खऱ्या वजनाच्या दोनच होत्या: बाईंची झोप आणि नवऱ्याचा प्रवास. आणि दुसरीबद्दल नवऱ्याला कुणी विचारलंच नव्हतं! त्याला त्रास होईल हे बाईंनी गृहीत धरलं होतं.

निर्णय अडण्याचं दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बाई दोन वेगळे प्रश्न एकत्र सोडवत होत्या. इथून निघायचं का, हा एक. पाहून ठेवलेल्या त्याच घरात जायचं का, हा दुसरा. त्या घरातला प्रत्येक दोष त्यांना ‘इथेच राहा’ असं सांगत होता, आणि तो तसं सांगत नसतो. आहे ते चालू ठेवण्याकडे माणसाचा कल असतोच. विल्यम सॅम्युएल्सन आणि रिचर्ड झेकहाउझर या अर्थतज्ज्ञांनी १९८८ मध्ये हे प्रयोगांतून दाखवलं आहे. म्हणून मी विचारलं, ‘तुम्ही आज तिसरीकडे कुठे राहत असता आणि रात्रीच्या आवाजाची पूर्ण कल्पना असती, तर हे घर भाड्याने घेतलं असतं?’

‘नाही.’ उत्तर तत्काळ आलं.

पुढच्या वेळी मी दोघांनाही बोलावलं. बाईंनी नवऱ्यासमोर रात्रीचं सगळं पहिल्यांदाच सविस्तर सांगितलं. तो चकित झाला. ‘तू जागी असतेस हे मला माहीतच नव्हतं,’ म्हणाला. मग कामाच्या दिवशी, गर्दीच्या वेळी, त्याने नव्या घरापासून ऑफिसपर्यंतचा प्रवास करून पाहिला. तो रोज झेपणार नाही असं त्यानेच सांगितलं, आणि बाईंना ते पटलं. त्या घराचा विचार त्यांनी सोडून दिला. मात्र इथून निघायचं हे पक्कं केलं. करारनामा काढून नोटिशीची मुदत पाहिली, करार संपेपर्यंत शोधायचं ठरवलं. आता घर बघताना दोनच अटी: ऑफिसला जायचा वेळ फार वाढता कामा नये, आणि घर एकदा रात्री जाऊन पाहायचं, वर कोण राहतं ते विचारायचं. तोवर झोपायची खोली बदलली. आवाज थोडा कमी झाला.

घर मिळायला काही महिने लागले. त्या काळात बाईंचा मला एकदा फोन आला होता. आवाज अजून येतच होता, पण ‘माझंच चुकतंय का’ हा प्रश्न त्यांनी त्या वेळी विचारला नाही.