हॉस्पिटलचा फेरफार होत नाही

पत्र थोडक्यात असं: "मी स्त्रीरोगतज्ज्ञ, वय ६३. तालुक्याच्या गावी बारा खाटांचं प्रसूतिगृह आहे, सोनोग्राफी मशिन आहे. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्या माझ्या मुलीची इंटर्नशिप मार्चअखेर संपली. तिला बंधपत्राची, म्हणजे सरकारी कॉलेजात शिकल्याबद्दल द्यायची सरकारी सेवा करून सार्वजनिक आरोग्यात जायचं आहे. सरकारी नोकरीत नुसते कागद काळे करणार! बंधपत्राचे पैसे भरायची माझी तयारी आहे. गुडघ्यांमुळे मला आता फार वेळ उभं राहवत नाही. कायम नोंदणी व्हायची आहे, पण ती ओपीडीत बसते, सोनोग्राफीही माझ्या हाताखाली करते. सही माझीच असते. हॉस्पिटलची सगळी रजिस्ट्रेशनं तिच्या नावावर कशी करायची आणि तिला कसं समजवायचं, ते सांगा."

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

तुमचा प्रश्न करिअरचा आहे, पण 'सही माझीच असते' या तीन शब्दांपुढे तो थांबतो. इतकी वर्षं प्रॅक्टिस केलेला माणूस हे सहज लिहून जातो, याचीच काळजी वाटते. गरोदर बाईची सोनोग्राफी झाली की फॉर्म एफ भरावा लागतो. त्यात तपासणी कोणी केली त्याचं नाव असतं आणि खाली त्याच डॉक्टरचं प्रतिज्ञापन असतं, की गर्भाचं लिंग मी शोधलं नाही आणि कुणाला सांगितलं नाही. सोनोग्राफीचा प्रोब मुलीच्या हातात आणि प्रतिज्ञापन तुमचं, म्हणजे तो कागद खोटा. बाकी सगळं कितीही स्वच्छ असो. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याचं कलम ४(३) पुन्हा एकदा वाचा. नोंदींतली त्रुटी तिथे कलम ५ किंवा ६ चा, म्हणजे लिंग सांगण्या-शोधण्यावरच्या बंदीचा भंग समजली जाते आणि तसं नव्हतं हे सिद्ध करायचं ओझं डॉक्टरवर येतं. कारकुनी चुकांना फौजदारीतून वगळा, ही तुमच्याच शाखेच्या संघटनेची मागणी सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये फेटाळली आहे.

पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. दंडाचं सोडा. न्यायालयाने आरोप निश्चित केले की मेडिकल कौन्सिल नोंदणी निलंबित करू शकतं आणि दोष सिद्ध झाला की पाच वर्षं नाव रजिस्टरमधून जातं. तुमची प्रॅक्टिस आता उतरतीला आहे, तिची सुरूही झालेली नाही. दोघांच्या वाट्याला तीच शिक्षा आली तरी ती सारखी नाही.

'हाताखाली शिकते' याला कायद्यात जागा नाही. नुसत्या एमबीबीएसला गरोदर बाईची सोनोग्राफी करायची असेल, तर २०१४ च्या नियमांप्रमाणे राज्याने ठरवून दिलेल्या संस्थेत सहा महिन्यांचं प्रशिक्षण आणि नंतरची परीक्षा लागते. वडील कितीही अनुभवी असले तरी घरचं हॉस्पिटल ही ती संस्था नव्हे. तेव्हा प्रोब आजच काढून घ्या.

ओपीडीचंही तेच. इंटर्नशिपपुरती मिळते ती तात्पुरती नोंदणी. तिच्यावर स्वतंत्र प्रॅक्टिस करता येत नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची कायम नोंदणी हातात येईपर्यंत तिने तुमच्या खुर्चीत बसू नये आणि तुमच्या लेटरहेडवर औषधं लिहू नयेत. विनानोंदणी प्रॅक्टिसला २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. नोंदणी झाल्यावर प्रिस्क्रिप्शन असो, सर्टिफिकेट असो की पावती, त्यावर तिचा नंबर हवा, तुमचा नव्हे.

आता 'सगळी रजिस्ट्रेशनं तिच्या नावावर' याबद्दल. हा गैरसमज डॉक्टरांच्या घराघरांत आहे. सातबाऱ्यावर वारसाची नोंद लागते, फेरफार होतो, तसं हॉस्पिटलचं होत नाही. इमारत वारसाने जाते, परवानगी जात नाही. १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखालचं प्रमाणपत्र एका व्यक्तीला आणि एका जागेसाठी दिलेलं असतं. चालवणारा बदलला की नव्या माणसाने नव्याने अर्ज करायचा. म्हणजे पात्र मनुष्यबळ, अग्निसुरक्षेचा दाखला, जैववैद्यकीय कचऱ्याचे कागद, सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासलं जाणार. २०२१ च्या सुधारित नियमांमुळे दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते, तेही बघतील. प्रसूतिगृहात स्त्रीरोगतज्ज्ञच नसेल तर नुसत्या एमबीबीएसच्या नावावर ते कशाच्या बळावर चालणार? सोनोग्राफीची नोंदणी तर त्याहून घट्ट बांधलेली असते: ही जागा, हे मशिन, हा डॉक्टर. यातलं काहीही बदलायचं असेल तर किमान तीस दिवस आधी समुचित प्राधिकाऱ्याला, म्हणजे बहुतेक ठिकाणी जिल्हा शल्यचिकित्सकांना किंवा तुमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना, कळवून प्रमाणपत्र नव्याने घ्यावं लागतं. आधी बदल करून मागून कळवणं ही सर्रास होणारी चूक, आणि मशिनला सील लागतं ते अशाच वेळी. जैववैद्यकीय कचऱ्यासाठीचं प्रदूषण नियंत्रण मंडळाचं अधिकारपत्रही तुम्ही आज जो 'धारक' आहात त्याच्या नावावर आहे. आणि नोंदणीच्या नूतनीकरणाला लागणारे तुमचे क्रेडिट पॉइंट? ते तर कुणालाच देता येत नाहीत. पाच वर्षांत तीस तिचे तिनेच मिळवायचे.

तेव्हा 'तिच्या नावावर करायचं' असं प्रत्यक्षात काही नाहीच. आहे ते बंद करून तिने नवं उभं करायचं, त्यासाठी आधी तीन वर्षं स्त्रीरोगशास्त्रात घालवायची, जे तिला नको आहे. दोन पानी पत्रात तुम्ही मशिनचं मॉडेलसुद्धा लिहिलंत. मुलीला काय हवंय ते एका वाक्यात उरकलंत आणि ते खोडायला लगेच पुढचं वाक्य घातलंत. बंधपत्राचे पैसे भरून तिचा रस्ता मोकळा करतोय असं तुम्हाला वाटत असेल. मला तर त्यातून तिचा रस्ता बंद होताना दिसतो. मदत गुडघ्यांना हवी आहे. ती पगारावर मिळते. त्यासाठी पोटच्या पोरीला बांधून ठेवायचं कारण नाही.

पगारावर म्हणजे असं. जवळपासचा एखादा पात्र स्त्रीरोगतज्ज्ञ पूर्णवेळ किंवा ठरलेल्या दिवशी घ्या, त्याचं नाव तीस दिवस आधी सोनोग्राफीच्या प्रमाणपत्रावर चढवून घ्या. मात्र तो आधीच दोन ठिकाणी सोनोग्राफी करतो का ते विचारा. एका जिल्ह्यात दोनच केंद्रांची मुभा आहे. माणूस मिळत नसेल तर आंतररुग्ण विभाग आणि सोनोग्राफी बंद करून बसून होणारी ओपीडी ठेवा. खाटा नसल्या की नर्सिंग होमची नोंदणी लागत नाही. कचऱ्याचं अधिकारपत्र मात्र ओपीडीलाही लागतं, सुया पांढऱ्या डब्यातच जातात. मशिन विकायचं झालं तर आधी प्राधिकाऱ्याला लेखी कळवा. नोंदणी नसलेल्याला मशिन विकणं हासुद्धा गुन्हा आहे, मग तो ओळखीचा असो की जावई. जुने फॉर्म एफ दोन वर्षं जपायचे, प्रकरण चालू असेल तर निकाल लागेपर्यंत.

'कागद काळे करणार' या शेऱ्याबद्दल दोन शब्द. तुमच्या हॉस्पिटलचं सोनोग्राफीचं मासिक विवरण दर पाच तारखेपर्यंत ज्या टेबलावर जातं, तिथे डॉक्टरच बसलेला असतो. तुमच्या ओपीडीत क्षयरुग्ण सापडला आणि तो क्षयरुग्णांच्या निक्षय या सरकारी पोर्टलवर कळवला नाही, तर २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे तुमच्यावर फौजदारी कारवाई होऊ शकते. कळवला, तर त्याच्या घरच्यांची तपासणी करायला माणूस जातो, तो याच यंत्रणेचा. एका तालुक्यात कावीळ कुठल्या विहिरीमुळे पसरली हे शोधणं प्रसूतीइतकंच डॉक्टरी काम आहे. त्याचं बिल फाडता येत नाही, एवढाच फरक.

बंधपत्राचं वर्ष तिने प्राथमिक आरोग्य केंद्रातच काढावं, असं माझं स्पष्ट मत आहे. साथीची नोंद, लसींची शीतसाखळी, मेडिकोलीगल केस, शवविच्छेदन, आशांच्या बैठका हे सगळं एका वर्षात अंगावर येतं. त्यात रमली तर जनऔषधवैद्यकशास्त्रात (कम्युनिटी मेडिसिन) एमडी करेल; कंटाळली तर तेही वर्षभरात कळेल, आणि तेव्हा कदाचित ती स्वतःच स्त्रीरोगशास्त्राकडे वळेल. नीट-पीजी, डीएनबी, वैद्यकीय अधिकारी गट-अ ची भरती हे रस्ते तिला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

सध्या एकच काम तातडीचं: कायम नोंदणीचा अर्ज. इंटर्नशिप पूर्ण झाल्याचा दाखला कॉलेजातून आणि विद्यापीठाचे कागद लगेच गोळा करायला सांगा. नावाचं स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळतंय का ते आधी बघावं. अर्ज अडकतात ते इथेच. अर्ज तिचा तिनेच भरावा. आणि कौन्सिलकडच्या खात्याला मोबाइल नंबर तिचाच द्या, हॉस्पिटलच्या रिसेप्शनचा नको.